भंडाऱ्याचं बोट

शुक्रवारी सकाळी दहाला पार्वतीबाई दौंडातल्या आनंदरावांच्या गोदामात शिरल्या, तेव्हा त्यांच्या हाताशी दोन तास होते. बाराला लाईट जाणार आणि साडेचारला येणार, हे एप्रिल लागल्यापासून ठरलेलं होतं. लाईट नसताना मशीन बघायचं म्हणजे निजलेलं मेंढरू विकत घ्यायचं. पाय धड आहे की लंगडा, ते उठल्यावर कळणार.

दोन हजार दोन साल होतं. मशीन म्हणजे व्हिडिओ गेमचं मशीन. पुढं पडदा, पडद्याखाली दांडी आणि रंगीत बटणं. रांजणगावला कंपन्यांच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये अशी चार मशीनं पार्वतीबाईंनी पाहिली होती. पाळी सुटली की कामगार पोरं तिथं रांग लावायची. पण ती मशीनं प्लायवूडची, इथल्याच सुतारानं ठोकलेली होती आणि चारातलं एक कायम बंद असायचं. "घ्यायचं तर जपानी घ्या मावशी, एकदा बसवलं की दहा वर्षं बघायला नको," असं त्या शेडच्या मालकानंच सांगितलं होतं. आनंदराव भंगाराचे व्यापारी. बंदरावरून आलेल्या मालात त्यांना दोन जपानी मशीनं मिळालीत, ही बातमी न्हावऱ्यापर्यंत पोचायला आठवडाही लागला नव्हता.

न्हावऱ्याच्या चौकात, एसटी थांब्यासमोर, पार्वतीबाईंनी दिवाळीपासून एक गाळा भाड्यानं घेतला होता. थंड पेयं, बिस्किटं, वह्या, पेनं. गाळा चालत होता, पण रडतखडत. त्यांचे यजमान ज्ञानूआबा या सगळ्याला पहिल्यापासून नाखूश होते. जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस. आधीच्या वर्षी चराईला रान उरलं नाही म्हणून मेंढरांची सगळी खांड विकली, तेव्हापासून ते चौकात बसून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या मोजायचे. शेवटी त्यांनी एक अट घातली होती. एक मशीन घ्यायचं. चाललं तर गाळ्यात बसू. बंद पडलं तर गाळा सोडायचा आणि निमोण्याच्या मल्हारकडची पंचवीस मेंढरं घ्यायची. मल्हारनं ती मेंढरं रविवारपर्यंत राखून ठेवली होती.

मेंढरं घ्यायची म्हणजे दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचं आणि पाऊस तोंडावर आला की परत वर यायचं. पार्वतीबाईंनी ते तीस वर्षं केलं होतं. दोन लेकरं वाटेवर झाली. डावा घोटा एकदा खडकात पिरगळला, तो पुन्हा नीट बसलाच नाही. बावन्नाव्या वर्षी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा दाराला कुलूप लावता येत होतं, आणि ते कुलूप त्यांना सोडायचं नव्हतं.

म्हणून त्यांनी गौतमीला बरोबर आणलं होतं. गौतमी राहूची. आयटीआय करून दौंडातच एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. वय चोवीस, बोलणं मोजकं, खांद्याला हत्यारांची पिशवी. गाळ्यातला जुना टीव्ही तिनं दोनदा जिवंत करून दिला होता.

गोदामात दोन मशीनं शेजारी शेजारी उभी होती. एक पांढरं, फायबरचं, बाजूला निळ्या रंगात जपानी अक्षरं. दुसरं करडं, कडा झिजलेल्या, दांडीचा गोळा फुटलेला. दोन्हींच्या मागे जाड तारेचा एकेक चौकोनी डबा होता. जपानची लाईट शंभराची, आपली दोनशे तीसची. हा डबा मधे नसेल तर मशीन पहिल्याच मिनिटाला जळतं, हे गौतमीनं त्यांना वाटेतच सांगितलं होतं.

"हे पांढरं बघा," आनंदराव म्हणाले. पन्नाशीचा, जाडसर, सफारी घातलेला माणूस. "नवरीवानी हाय."

त्यांनी बटण दाबलं. दहा वाजून आठ मिनिटं झाली होती. गौतमीनं ती वेळ वहीत लिहून ठेवली. पडदा आधी काळा राहिला, मग उजळला, आणि दोन पैलवान एकमेकांवर तुटून पडले. रंग इतके स्वच्छ की पार्वतीबाईंना पैलवानाच्या कपाळावरचा घामही दिसला.

त्यांचा हात आपोआप कमरेच्या बटव्याकडे गेला. चिमूटभर भंडारा बोटावर घेऊन त्यांनी पडद्याच्या वर, मशीनच्या कपाळावर, एक पिवळी रेघ ओढली. नव्या वस्तूला, नव्या कामाला भंडारा लावल्याशिवाय त्यांनी कधी हात घातला नव्हता. तेच बोट पुढं गौतमीच्या कपाळाकडे वळलं आणि अर्ध्यात थांबलं.

"तुमच्यात न्हाई लावत, व्हय ना?"

"न्हाई मावशी. मला फक्त बॅटरी धरा."

आनंदरावांनी ती पिवळी रेघ पाहिली.

गौतमीनं मागचं दार उघडायला घेतलं, तसे आनंदराव पुढं आले. "तिथं कशाला? चालतंय की समोर."

"चालतंय तर उघडायला काय झालं?"

"सील हाय त्याला."

"सील कापलेलं हाय आनंदराव," गौतमी म्हणाली आणि दार उघडून तिनं डोकं आत घातलं. बराच वेळ ती बाहेर आली नाही. आली तेव्हा तिच्या बोटांना धूळही नव्हती. "आत साफ हाय. कुणीतरी नुकतंच पुसलंय. जळलेलं, फुगलेलं काही दिसत न्हाई."

"मी काय म्हणत होतो?" आनंदराव म्हणाले.

पार्वतीबाई मशीनकडे बघतच नव्हत्या. त्या गोदाम बघत होत्या. पत्रा तापला होता. आनंदरावांच्या सफारीची पाठ ओली झाली होती, गौतमीच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता. कोपऱ्यात एक टेबलफॅन जोरात फिरत होता आणि त्याचं तोंड होतं पांढऱ्या मशीनच्या मागच्या जाळीकडे.

मेंढरांच्या बाजारात एक जुना खेळ होता. विकणारा पहाटे मेंढराला मीठ चारायचा. मग ते पोटभर पाणी प्यायचं आणि बाजारात गच्च, भरलेलं दिसायचं. नवखा माणूस ते उचलून वजन बघायचा आणि पैसे द्यायचा. पार्वतीबाईंच्या सासऱ्यानं त्यांना पहिली गोष्ट शिकवली ती ही की मेंढरू बांधून ठेवायचं आणि शेजारी बसून राहायचं. तासाभरात ते मुततं. मग पोट उतरतं आणि खरं मेंढरू दिसतं.

त्या उठल्या, पंख्याजवळ गेल्या आणि त्याचं तोंड त्यांनी स्वतःकडे फिरवलं.

"बाई, अहो," आनंदराव म्हणाले, "तो मशीनसाठी हाय."

"मशीनला घाम येतोय का? आमचा जीव चाललाय हितं." एका उपड्या खोक्यावर त्या पंख्यासमोर बसल्या. "मला कसली घाई न्हाई. खेळू द्या त्यांना कुस्ती."

गौतमीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि वहीत दुसरी वेळ लिहिली. दहा वीस.

पाच मिनिटांनी आनंदराव म्हणाले, "झालं ना बघून? बंद करू. उगं तापतंय."

"तापू द्या."

"मग ते करडं तरी लावतो."

"आधी हे हुंदे."

आनंदरावांनी खिशातून पंचा काढून मान पुसली. पैलवान लढत होते. एक पडायचा, उठायचा, पुन्हा पडायचा. पार्वतीबाईंना खेळातलं काही कळत नव्हतं. त्या पडद्याच्या कडा बघत होत्या.

दहा चाळीसला बाहेर जीप थांबली आणि चांगदेव आत आले. बारामतीकडचा गडी, पांढरी टोपी, पायात कोल्हापुरी. तिकडं त्यांची दोन गेमची दुकानं होती. त्यांचं घराणंही मुळात मेंढरांचंच. आल्या आल्या त्यांनी पांढऱ्या मशीनला नजरेनं एक फेरी मारली आणि खिशात हात घातला.

"हेच न्यायचं," ते म्हणाले. "काय व्हईल ते सांगा, आत्ता देतो."

एवढ्यात चांगदेवांची नजर मशीनच्या कपाळावर गेली आणि त्यांचा हात खिशातच राहिला.

"बोट कुणाचं?"

बाजारात मेंढरू पसंत पडलं की घेणारा त्याच्या पाठीवर भंडाऱ्याचं एक बोट ओढतो. बोट ओढलं की सौदा झाला. दुसरा कुणी दुप्पट घेऊन आला तरी त्या जनावराला हात लावत नाही, आणि ज्यानं बोट ओढलं तोही मागं फिरत नाही. कागद नाही, सही नाही. शिरूर-दौंडापासून पार इंदापूरपर्यंत हे असंच चालत आलेलं.

पार्वतीबाईंनी बोट सौद्यासाठी ओढलं नव्हतं. ते नुसतं पूजेचं होतं, हातवळणाचं. हे त्या आत्ता सांगू शकत होत्या. सांगितलं असतं तर चांगदेव तिथंच नोटा मोजून मशीन जीपमागच्या ट्रॉलीत चढवून निघून गेले असते, आणि त्यांच्या वाट्याला न चालवलेलं करडं उरलं असतं.

"आक्का, तुमचं का बोट?" चांगदेवांनी पुन्हा विचारलं.

"व्हय," पार्वतीबाई म्हणाल्या.

एकच शब्द. गौतमीनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

चांगदेवांनी हात जोडले. "मग आपलं काय न्हाई. दुसऱ्याच्या मेंढरावर नजर टाकू न्हाई." करड्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आनंदराव त्यांच्या मागं जीपपर्यंत गेले, बराच वेळ काही समजावत राहिले. जीप गेली. आनंदराव परत आले.

आता गोदामात फक्त पंख्याचा आणि पैलवानांच्या हुंकारांचा आवाज होता. दहा पन्नास झाले, दहा पंचावन्न. पार्वतीबाईंना वाटायला लागलं की आपण उगाच संशय घेतला. मशीन धड आहे. मेंढरू ते मेंढरू आणि यंत्र ते यंत्र, सासऱ्याची शिकवण इथं कशाला. दोन तासांतला एक तास आपण बसण्यात घालवला.

अकराला पडदा थरथरला.

आधी वरची कड खाली आली. मग पैलवान बुटके झाले, मग चपटे, आणि एका झटक्यात सगळं चित्र मिटून पडद्याच्या मधोमध एक आडवी पांढरी रेघ उरली. आवाज तसाच चालू होता. न दिसणारे पैलवान एकमेकांना मारत राहिले.

आनंदरावांचा हात सवयीनं उठला आणि त्यांनी मशीनच्या बाजूला थाप मारली. चित्र क्षणभर उघडलं, पुन्हा मिटलं.

"थाप कुठं मारायची ते ठावं हाय तुम्हाला," पार्वतीबाई म्हणाल्या.

गौतमी म्हणाली, "पंखा फिरवल्यापासून चाळीस मिनिटं. चित्र वर-खाली ताणणारा भाग हाय, तो गार असताना चालतो, तापला की सुटतो."

"आम्ही करडं बघतो," पार्वतीबाई उठल्या.

"बघा की," आनंदराव म्हणाले. आता त्यांच्या आवाजात घाई नव्हती. "पण पांढऱ्याचं काय? बोट तुमचं हाय. माझा बाप मेंढरांच्या बाजारात दलाल होता बाई, मला शिकवू नका. चांगदेव रोकडा घेऊन आला हुता. तुम्ही व्हय म्हणालात म्हणून गेला. आता कुणाला विकू मी हे?"

माणूस लबाड होता, पण बोलला त्यात खोटं काही नव्हतं. पूजेचं बोट त्यांनी स्वतःच्या तोंडानं सौद्याचं केलं होतं. आता त्यांनी पाठ फिरवली तर चांगदेव उद्या बाजारात काय सांगतील ते त्यांना आत्ताच ऐकू येत होतं. ज्ञानूआबांच्या बायकोनं बोट ओढलं आणि पळाली.

मग बटवा काढून त्यांनी मूठभर भंडारा डाव्या तळहातावर ओतला आणि हात आनंदरावांसमोर धरला.

"बोट माझं. न्हाई म्हणत न्हाई मी. आता तुम्ही भंडारा उचला."

"म्हंजी?"

"तुमचा बाप दलाल हुता, तुम्हाला ठावं हाय. घेणाऱ्यानं बोट ओढायचं आन् विकणाऱ्यानं भंडारा उचलायचा. उचला आन् म्हणा, ही खोड मला म्हाईत नव्हती. मी पांढरं उचलून नेते, एक शब्द बोलत न्हाई."

आनंदरावांनी त्या हाताकडे पाहिलं. भंडारा उचलून खोटं बोलायचं म्हणजे देवाची खोटी शपथ घ्यायची. बोटं सफारीला पुसली, हात थोडा पुढं आला. पार्वतीबाईंनी तळहात हलू दिला नाही. पंख्याचा वारा लागून भंडाऱ्याची कड उडत होती, खाली फरशीवर पिवळी भुकटी पडत होती. आनंदरावांचा हात तिथंच थांबला, आणि मग पाठीमागं गेला.

"मशीनच्या धंद्यात असलं काय नसतंय," ते म्हणाले.

"मग बोट बी नसतंय."

आनंदराव खुर्चीत बसले. गौतमीनं घड्याळ पाहिलं. अकरा दहा.

पार्वतीबाई सुटल्या होत्या. करडं समोर होतं. त्यांनी गौतमीला बाजूला घेतलं.

"खरं सांग. काय करू?"

"पन्नास मिनिटं लाईट हाय मावशी. त्यात एक तर करडं चालवून बघू, न्हाईतर पांढरं दुरुस्त करू. दोन्ही व्हायचं न्हाई." तिनं आवाज खाली आणला. "करड्याच्या पडद्यावर जुन्या खेळाची चौकट जळून उमटलीय. बंद असतानाबी दिसती बघा. आत आणखी काय असंल ते चालवल्याबिगर सांगता येणार न्हाई, आन् पन्नास मिनिटांत कदाचित काहीच दिसणार न्हाई. पांढऱ्याचा पडदा नवा हाय. त्याचा डाग देऊन जोडलेला एखादा टाका सुटला असंल तर पंधरा मिनिटांचं काम. पण आतला आयसी, म्हंजी चिप, गेला असंल, तर तो पुण्यात मिळंल याची खात्री न्हाई."

"तुला काय वाटतं?"

"टाका वाटतो. वाटतो. बघितल्याबिगर शब्द देणार न्हाई."

"तो आयसी करड्यात असंल का?"

गौतमीनं बॅटरी घेऊन करड्याचं मागचं दार उघडलं. परत आली तेव्हा तिचे डोळे बदलले होते. "कंपनी एकच. बोर्ड तोच."

आनंदराव तिकडून म्हणाले, "पांढऱ्याला डाग द्यायचा काविया लावायचा तर घेऊन लावा. उघडून, बिघडवून मला परत द्याल, तसं चालणार न्हाई."

ज्याची खोड कळली ते मेंढरू, आणि ज्याची खोड अजून पोटात आहे ते मेंढरू. पार्वतीबाईंनी यातलं दुसरं दोनदा घेतलं होतं. दोन्ही वेळा घाटात गमावलं होतं.

"घेतलं," त्या म्हणाल्या. "बोट पांढऱ्यावर हाय, पांढरंच नेणार. पण करड्याचा पडद्याचा बोर्ड त्याच्यासंगं येणार. फुकट."

"मग करडं काय चुलीत घालू?"

"भंगाराचं दुकान तुमचं हाय. न्हाईतर हा भंडारा अजून हातात हाय माझ्या. उचलता का?"

आनंदरावांनी पान्यांचा जुडगा खिशातून काढला आणि गौतमीकडे फेकला.

पांढऱ्याचा बोर्ड बाहेर आला. गौतमीनं तो दिव्याखाली धरला, भिंगातून एकेक टाका तपासला. पार्वतीबाईंनी बॅटरी धरली होती, हात दुखायला लागला तरी बदलला नाही. एका भागाच्या जाड तारेच्या पायाभोवती केसाएवढी गोल चीर होती. "ही असंल," गौतमी म्हणाली. तिनं तो जुना टाका काढून नवा घातला, शेजारचे सहाही पुन्हा डागले. राळेचा वास गोदामभर झाला.

अकरा सत्तावीसला मशीन पुन्हा सुरू झालं. पंख्याचं तोंड भिंतीकडे. चाळीस मिनिटं हवी होती आणि बाराला तेहतीसच उरली होती. बाहेर टेंपो घेऊन थांबलेला बन्सी दोनदा दारात येऊन गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा पार्वतीबाईंनी नुसता हात वर केला आणि तो परत फिरला.

अकरा छप्पन्नला लाईट गेली. चार मिनिटं आधी. पैलवान अंधारात बुडाले.

"एकोणतीस," गौतमी म्हणाली.

"मशीन चढवा," पार्वतीबाई म्हणाल्या. आनंदरावांनी आधी सांगितलेल्या किमतीचे पैसे त्यांनी वाटेतच मोजून वेगळे ठेवले होते. ते देताना त्यांनी आनंदरावांकडे पाहिलं नाही.

न्हावऱ्याला पोचेपर्यंत टेंपोत त्या मशीनला टेकून उभ्या होत्या. खाली तीन गोधड्या, बाजूला वैरणीच्या पेंढ्या. प्रत्येक खड्ड्याला त्यांना तो केसाएवढा टाका दिसायचा.

ज्ञानूआबा गाळ्यासमोर बाकावर बसलेले होते. मशीन उतरताना त्यांनी हात लावला. आत ठेवल्यावर एकदा त्याच्याभोवती फिरले, कपाळावरची पिवळी रेघ पाहिली आणि म्हणाले, "हे तू निवडलं का त्यानं दिलं?"

"मी निवडलं."

"खोड?"

"हाय. सांधलीय. चाळीस मिनिटांनी कळंल."

ते बाकावर परत न जाता आतल्याच खुर्चीत बसले, मेंढरं मोजताना बसायचे तसे, गुडघ्यांवर हात ठेवून.

लाईट साडेचारला आली. गौतमीनं तारेचा डबा जोडला, मशीनला पाजायची लाईट मीटरनं दोनदा तपासली आणि पाच दहाला बटण दाबलं. पैलवान आले. दारात लगेच सातआठ कंपनीवाले जमले. पार्वतीबाईंनी हात आडवा धरला. "आज न्हाई. आज ते एकटंच खेळणार."

"मावशी, तिकीट लावा की मग बघायचं," एकजण म्हणाला. बाकीचे हसले आणि रेंगाळत उभे राहिले.

गाळ्याला पंखा नव्हता. पत्र्याची धग दिवसभर साठलेली. आनंदरावांच्या गोदामापेक्षा इथं जास्त गरम होतं आणि पार्वतीबाईंना तेच हवं होतं. पाच तीस. पाच चाळीस. ज्ञानूआबांनी तंबाखूची पिशवी काढली आणि न मळताच परत ठेवली.

पाच सत्तेचाळीसला पडदा थरथरला.

वरची कड खाली आली. गौतमी अर्धवट उठली, तिचा चेहरा उतरला. सदतीस मिनिटं. ज्ञानूआबांनी मशीनकडे नाही, बायकोकडे पाहिलं. पार्वतीबाईंनी दोघांकडेही पाहिलं नाही. त्यांनी मान वर करून छताची ट्यूब पाहिली. ट्यूब मंदावली होती, कडांना काळी पडून फडफडत होती. समोरच्या रसवंतीतला बल्बही पिवळा पडला होता.

"बस खाली," त्या गौतमीला म्हणाल्या. "लाईनचं व्होल्टेज पडलंय. शेतातल्या मोटारी लागल्या."

दोन मिनिटांत ट्यूब पुन्हा पांढरी झाली. पडद्याची कड वर सरकली आणि तिथंच राहिली. पैलवान पुरते उंच झाले.

पाच पन्नासला कुणीच हललं नाही. पाच पंचावन्न झाले. सहा झाले. दारातली पोरं कंटाळून निघून गेली. सहा दहाला गौतमीनं वही मिटली, आणि करड्याचा बोर्ड कागदात गुंडाळून फळीवर वर ठेवला.

ज्ञानूआबा उठले. धोतर झटकलं, टोपी सारखी केली.

"कुठं?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"बूथवर. मल्हारला फोन करतो."

"काय म्हणून?"

ते दारात थांबले. चौकात शिरूरची एसटी वळत होती, तिचा आवाज जाईपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

"रविवारची वाट बघू नको म्हणतो. गिऱ्हाईक आलं तर देऊन टाक."

ते रस्ता ओलांडून गेले. काचेच्या खोक्यात ते पाठमोरे उभे राहिलेले दिसत होते. बोलणं लांबलं. मेंढरांच्या माणसांचं फोनवरचं बोलणं लांबतंच. पार्वतीबाई पहाटेपासून पहिल्यांदा खुर्चीत बसल्या आणि त्यांनी डावा पाय उचलून उजव्या गुडघ्यावर ठेवला. घोटा सुजला होता.

ज्ञानूआबा परत आले तेव्हा त्यांच्या हातात शेजारच्या दुकानातून आणलेला एक जुना टेबलफॅन होता. वायर गळ्यात अडकवलेली.

"कुणीकडं तोंड करू?" त्यांनी विचारलं.

"माणसांकडं," पार्वतीबाई म्हणाल्या.